चित्रालाही आवक क्रमांक मिळाला पाहिजे

बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडून राजुरा तालुक्यात शिरलं की सास्तीचा खाणपट्टा सुरू होतो. याच सास्तीत १९८६ साली प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणींत राबल्या. प्रभाकर खैरागडला आणि नंतर बडोद्याला शिल्पकला शिकले, आणि मग कोळशाने खाणीची चित्रं काढू लागले. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं काम लागलं. त्यानंतर साओ पावलो, इस्तंबूल, कोची आणि २०२२ मध्ये व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन. २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफचा ‘आर्टेस मुंडी’ हा मोठा पुरस्कार सहा कलावंतांमध्ये वाटून दिला गेला, त्या सहांत आमच्या सास्तीचे प्रभाकर होते. कार्डिफ हे एके काळचं कोळशाचं बंदर. तिथल्या खाणकामगारांच्या आणि इथल्या आंदोलनांच्या झेंड्यांची, फलकांची भाषा त्यांनी त्या प्रदर्शनातल्या चित्रांत एकत्र आणली होती.

मी बल्लारपुरात शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. प्रभाकर माझे विद्यार्थी नव्हते, त्यामुळे त्यांच्या यशात माझा काडीचा वाटा नाही. पण नदीपलीकडच्या एका खाणकामगाराच्या घरातून आलेल्या मुलाने जगाच्या भिंतींवर काय काढलं, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना वर्षानुवर्षं मोबाइलवर दाखवत आले. डोक्याच्या जागी खाणीतला दिवा असलेली माणसं. धडातून अवजार उगवलेली माणसं. अर्धं जनावर, अर्धं यंत्र असलेले प्राणी. पोखरलेली, पायऱ्या-पायऱ्यांनी खचलेली जमीन. मुलं सुरुवातीला हसायची, मग एकदम गप्प व्हायची, कारण त्या पायऱ्या त्यांनी रोज पाहिलेल्या असायच्या. ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणीच्या कडेला उभं राहिलं की तेच दिसतं.

साधनाबद्दल चित्रकलेच्या शिक्षिकेने दोन वाक्यं बोलायलाच हवीत. प्रभाकर वापरतात तो चारकोल, म्हणजे लाकडाचा कोळसा. आमच्या खाणीतला दगडी कोळसा कागदावर धड उमटत नाही. तो चमकतो, ओरखडे काढतो आणि कागद फाडतो. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो खिशातून आणून शाळेच्या मागच्या भिंतीवर घासून पाहिलेला आहे. चारकोलची रेघ मात्र मऊ असते. हात लागला की पसरते, बोटांना चिकटते, फुंकर मारली की तिची भुकटी उडून नाकात जाते. खाणीच्या गावाचं चित्र काढायला यापेक्षा योग्य साधन मला सुचत नाही.

त्यांच्या चित्रांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथे निसर्गदेखावा नसतो. तिथे जमीन गमावलेला शेतकरी असतो, पाळीवर निघालेला मजूर असतो, आणि त्यांच्या शरीरावर झालेला परिणाम असतो. पर्यावरणावरच्या कलेने काय करावं, याबद्दलचं माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. झाड सुंदर आहे, नदी पवित्र आहे, पृथ्वी आपली माता आहे, हे सांगणारी चित्रं आपल्याकडे रगड आहेत. कुणाची विहीर आटली, कुणाच्या छातीत धूळ गेली, त्या धुळीच्या बदल्यात कुणाला काय मिळालं आणि आता कुणी काय भरून द्यायचं, हे सांगणारी चित्रं फार थोडी आहेत. आपल्याला ही दुसरी हवी आहेत.

आमच्या जिल्ह्याची स्थिती आकड्यांत सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाला गुण दिले. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढीच नावं आमच्या वर होती. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, राज्यातलं हे सगळ्यात मोठं सरकारी वीज केंद्र. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार, शंभर टन जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. वीज ग्रीडमध्ये जाते, मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचते. राख इथेच राहते.

हे लिहिताना माझ्या घरचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. माझा धाकटा भाऊ खाणीवर डंपर ऑपरेटर होता. त्याच्या पगारावर आमच्या आईवडिलांचं आजारपण निभावलं, भाच्या शिकल्या. या पट्ट्यात कोळशाला नुसता शत्रू म्हणणारा माणूस भेटणार नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कोळशाचा पगार कुठल्या ना कुठल्या वाटेने आलेला असतो. पण पगार सगळ्यांना सारखा येत नाही आणि धूळ मात्र सगळ्यांवर बसते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर दीड एकर आहे, तो उरलेल्या अर्ध्या एकराची जोड शोधत नातेवाइकांच्या दारी फिरतो. ज्या बाईने त्याच शेतात वर्षानुवर्षं निंदण केलं, कापूस वेचला, तिच्या नावावर काहीच नसतं, म्हणून तिला काहीच मिळत नाही. खाणीलगत ज्यांची शेतं उरली, त्यांच्या कापसावर काळी धूळ बसते आणि व्यापारी प्रत पाडून भाव कमी करतो. लाभ कुणाचा आणि तोटा कुणाच्या अंगावर, या प्रश्नाला पर्यावरणीय न्याय म्हणतात. प्रदूषण किती, हा त्यातला अर्धाच भाग.

आता शाळांमध्ये काय चालतं ते पाहा. जागतिक पर्यावरण दिन आला की चित्रकला स्पर्धा ठरलेली. विषय ठरलेला: ‘हरित पृथ्वी, सुंदर पृथ्वी’. बक्षिसं आणि रंगपेट्या पुष्कळदा एखाद्या बड्या उद्योगाच्या सीएसआर निधीतून येतात. हिरवा डोंगर, निळी नदी, दोन तळहातांवर ठेवलेला पृथ्वीचा गोल, कोपऱ्यात ‘झाडे लावा, झाडे जगवा’. अशा एका स्पर्धेत माझ्या वर्गातला एक मुलगा कागद पुढ्यात घेऊन बसून राहिला. मी विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, नदीले निळा रंग कायले देऊ? थे तं तशी दिसतच नाही.” मी म्हटलं, जशी दिसते तशी काढ. त्याने करडी नदी काढली, काठावर मातीचा डंप काढला, डंपवर एकही झाड काढलं नाही, कारण तिथे नव्हतं. रेषा पक्की होती, अंतराचा अंदाज त्याच्या वयाच्या मानाने फारच चांगला होता. परीक्षकांनी ते चित्र बाजूला ठेवलं. विषयाला धरून नाही आणि नकारात्मक आहे, असं मला सांगण्यात आलं.

तो शब्द मला अजून बोचतो. मूल खरं पाहतं, खरं काढतं, आणि आपण त्याला शिकवतो की खरं काढलं तर बक्षीस नाही. ज्यांच्या धुराड्यातून धूर निघतो त्यांच्याच पैशाच्या रंगांनी आकाश निळं रंगवायचं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून करवून घेणं मला अन्यायाचंच वाटतं. उद्योगांनी शाळांना मदत करावी, जरूर करावी. प्रयोगशाळा द्यावी, संडास बांधावेत. चित्राचा विषय मात्र त्यांनी ठरवू नये आणि परीक्षकही त्यांचे नसावेत.

त्यानंतर मी वर्गात एक केलं. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसस्थानक असे विषय येतात आणि मुलांनी आठवणीतून चित्र काढायचं असतं. सरावासाठी मी विषय देऊ लागले: ‘ब्लास्टिंगच्या वेळी आमचं घर’, ‘टँकर आला’, ‘आजी कपडे वाळत घालते’. काय काय उमटलं म्हणून सांगू! दुपारी ठरल्या वेळी हादरणारी भांड्यांची मांडणी. भिंतीतला तडा, त्याच्यावर चिकटवलेलं कॅलेंडर. दोरीवरून कपडे काढताना आधी ते दोनदा झटकणारी आजी. माठावर दुहेरी फडकं. डंपरच्या रांगेमागे अडकलेली शाळेची व्हॅन. या मुलांना कुणी पर्यावरणाचा धडा शिकवला नव्हता, त्यांनी फक्त घर आठवलं होतं.

अशा कलेने प्रत्यक्षात काही होतं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तरादाखल मी कोडाईकनालची हकिगत सांगते. तामिळनाडूतल्या त्या थंड हवेच्या गावात तापमापक बनवण्याचा कारखाना होता. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमधून ऐंशीच्या दशकात तो इकडे हलवला गेला, आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरच्या, म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ताब्यात आला. तापमापकात पारा असतो. २००१ च्या मार्चमध्ये गावकऱ्यांनी आणि ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं, की पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचांचा सात टनांहून अधिक ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे उघड्यावर पडला आहे. कारखाना बंद झाला. कारखान्याची जागा पांबर शोला या जंगलाच्या माथ्यावर, तिथून पाणी खाली उतरतं. कामगारांची तक्रार होती की पाऱ्याने त्यांची प्रकृती ढासळली. कंपनीने ते कधीच मान्य केलं नाही. माजी कामगार २००६ साली मद्रास उच्च न्यायालयात गेले. वर्षामागून वर्षं गेली.

३० जुलै २०१५ रोजी सोफिया अशरफ या चेन्नईच्या तरुण गायिकेचं एक रॅप गाणं इंटरनेटवर आलं. दिग्दर्शन रथींद्रन प्रसाद यांचं. चाल निकी मिनाज या अमेरिकी गायिकेच्या त्या वेळी जगभर वाजणाऱ्या गाण्याची. मुद्दा थेट: कारखान्याची जागा साफ करा, कामगारांना भरपाई द्या. लाखो लोकांनी ते ऐकलं, मूळ गायिकेने स्वतः त्याची दखल घेतली, आणि लंडनला बसलेल्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना जाहीरपणे बोलावं लागलं. मार्च २०१६ मध्ये कंपनी आणि ५९१ माजी कामगार यांच्यात करार झाला. प्रकृतीवर परिणाम झाल्याचं कंपनीने तेव्हाही मानलं नाही, मानवतेच्या भूमिकेतून रक्कम देत असल्याचं सांगितलं. पण रक्कम दिली.

गाण्याने न्याय मिळवला असं कुणी म्हणालं, तर मी त्याला थांबवीन. न्याय मिळवला तो पंधरा वर्षं कागद गोळा करणाऱ्या, न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या कामगारांनी. त्यांच्याकडे वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल होते, मागण्या तयार होत्या, संघटना होती. सोफिया अशरफ यांनी त्या मागण्या उचलून जिथे कंपनीला लाज वाटेल अशा चव्हाट्यावर नेऊन ठेवल्या. साबण आणि क्रीम विकणाऱ्या कंपनीचा खरा ठेवा तिच्या नावात असतो, हे त्या गाण्याने नेमकं हेरलं होतं. गाण्यात जागेचं नाव होतं, कंपनीचं नाव होतं, काय हवं तेही होतं. ‘पृथ्वी वाचवा’ असं गाणं त्याच चालीवर केलं असतं, तर लोकांनी ते ऐकून बाजूला सारलं असतं आणि कंपनीनेही ते आनंदाने आपल्या जाहिरातीत वापरलं असतं. आणि प्रश्न संपलेला नव्हता, जमिनीतला पारा किती प्रमाणापर्यंत साफ करायचा यावर वाद उरलाच. म्हणून २०१८ मध्ये सोफिया अशरफ दुसरं गाणं घेऊन आल्या, त्यात कर्नाटक संगीतातले नामवंत गायक टी. एम. कृष्णाही होते. ब्रिटनमधल्या मातीला एक निकष आणि कोडाईकनालच्या मातीला दुसरा का, हा त्या गाण्याचा सवाल.

याच कृष्णांनी २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या उत्तरेकडच्या एन्नोर खाडीसाठी शास्त्रीय रागांत बांधलेलं तामिळ गाणं गायलं. एन्नोरला कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी वीज केंद्रांची राख पसरते, आणि त्या पाण्यावर जगणारे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथले आहेत. सभागृहातलं संगीत राखेच्या काठी नेऊन उभं करणं, हे मला फार मोठं काम वाटतं. राखेची गोष्ट ऐकली की आम्हा चंद्रपूरकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुंबईतल्या आरेच्या जंगलाची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. तिथे २७ आदिवासी पाडे आहेत, वारली, मल्हार कोळी अशा समाजांचे. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडं तोडायला विरोध सुरू होता, तेव्हा केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांचा आवाज ‘स्वदेसी’ या हिपहॉप गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात उमटला. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाची आठवण नावातच होती. शहरातली कॉलेजची मुलं पहिल्यांदा पाड्यांवर गेली, चित्रं काढली, गाणी म्हटली, रात्री जागली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा आणि कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच आली आणि आज तिथून गाड्या सुटतात.

ही हार होती, आणि तिला हारच म्हटलं पाहिजे. पण त्यातून मला एक खटकणारी गोष्ट दिसली. वारली चित्र आज सरकारी इमारतींच्या भिंतींवर आहे, रेल्वे स्थानकांवर आहे, साड्यांवर आणि कपांवर आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, त्या चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वेळी ज्या माणसांच्या घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने हे चित्र जन्माला आलं, त्यांना ‘तुम्ही या जंगलातले रहिवासी आहात याचा पुरावा काय’ असं विचारलं जातं. चित्रातली झाडं, चित्रातला वाघोबा, चित्रातला तारपा नाच आम्हाला भिंतीवर चालतो. चित्र काढणाऱ्याने त्यातलंच झाड दाखवून ‘हे माझं आहे’ म्हटलं की अडचण होते. शासनाने एखाद्या समाजाची कला सजावटीला घेतली, तर त्या समाजाच्या जमिनीच्या दाव्याकडे पाठ फिरवण्याचा त्याला अधिकार उरत नाही. कलावंतांच्या संघटनांनी ही अट घालायला हवी. भिंत रंगवून देऊ, पण आधी आमच्या पाड्याचा वनहक्काचा दावा निकाली काढा.

पर्यावरणीय न्यायाची ही भाषा म्हणजे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं म्हणणारे आपल्याकडे आहेत. त्यांनी महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडावं. १८८३ साली लिहिलेल्या त्या पुस्तकात जोतीराव सरकारी जंगल खात्यावर तुटून पडतात. गावाची गुरं चरण्याची रानं, डोंगर खात्याने गिळले, शेतकऱ्याच्या शेळीलाही उभं राहायला जागा उरली नाही, हा त्यांचा आरोप आहे. डोंगरावरून वाहून जाणारी सुपीक माती अडवण्यासाठी बंधारे घाला, अशी सूचनाही त्यात आहे. निसर्गाची हानी आणि गरिबाची लूट ही एकाच हाताची करणी आहे, हे मराठीत एकोणिसाव्या शतकात लिहून झालेलं आहे. तेही रोखठोक, बोलीच्या ठसक्यात.

दुसरा आक्षेप सुशिक्षित मित्रांचा: कलेने प्रचार केला की ती कला राहत नाही. मला हा आक्षेप गंभीर वाटतो, कारण वाईट प्रचारचित्रं मी खूप पाहिली आहेत, काहींना नाइलाजाने गुणही दिले आहेत. माझं उत्तर चित्रकार चित्तप्रसाद आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरून त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाचित्रं काढली, खाली नावं आणि गावं लिहिली. त्यांची ‘हंग्री बेंगाल’ ही पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. चित्तप्रसाद नंतर मुंबईत अंधेरीला राहिले. ती रेखाचित्रं आजही चित्रकलेचा विद्यार्थी रेषेसाठी अभ्यासतो, आणि तीच त्या दुष्काळाची साक्षही आहेत. रेषा जितकी अचूक तितकी साक्ष पक्की. ढोबळ चित्राची साक्ष कुणीच मानत नाही, म्हणून अशा कामात कसब थोडं कमी असलं तरी भागतं, हे मला मान्य नाही. इथे कसब जास्तच लागतं.

साक्ष हा शब्द मी जाणून वापरते आहे, कारण माझी मागणी त्याच्याशी जोडलेली आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार नवी खाण किंवा मोठा प्रकल्प येण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. निदान ३० दिवस आधी सूचना, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आयोजन, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचं व्हिडिओ चित्रण, शेवटी स्थानिक भाषेत इतिवृत्त वाचून दाखवणं. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, जरी चालू कोळसा खाणींच्या विस्ताराला ठरावीक मर्यादेपर्यंत यातून सूट देण्याची सोय केंद्राने करून ठेवली असली तरी. प्रत्यक्ष मांडवात काय होतं? कंपनीचे अभियंते पडद्यावर रंगीत नकाशे दाखवतात. नकाशात गाव हा एक ठिपका असतो. मग माइक गावकऱ्यांकडे येतो. दोन-तीन मिनिटांत माणूस काय सांगणार? पुरुष नोकरीचं बोलतात. बायका मागच्या रांगेत बसून राहतात.

काही वर्षांपूर्वी एका ओपनकास्ट खाणीच्या विस्ताराची सुनावणी होती. त्याआधी आम्ही दोघी-तिघी शिक्षिका शेजारच्या गावात गेलो आणि बचतगटाच्या बायकांसोबत मंदिराच्या पडवीत ड्रॉइंग शीट जोडून मोठा कागद पसरला. नकाशा त्या काढणार होत्या, आम्ही फक्त स्केच पेन पुरवले. सुरुवातीला कुणी हात लावेना. मग एक म्हातारी पुढे सरकली, म्हणाली, “माही विहीर कोठी काढू? तिच्यात तं पाणीच नाही रायलं.” तिला सांगितलं, विहीर काढा आणि आत रिकामं ठेवा. तिने गोल काढला, शेजारी पाणी कधी आटलं ते नातीकडून लिहून घेतलं. मग एकीने दुसरीला टोकत सगळं गाव कागदावर आलं. कोणत्या घराला कुठे तडा आहे. गुरांची वाट डंपने कुठे बंद केली. मोहाची किती झाडं उरली, कुणाच्या वाट्याची होती. सरपणाला आता किती लांब जावं लागतं. कंपनीच्या अहवालात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं, कारण मोजायला आलेल्यांनी या बायकांना विचारलंच नव्हतं.

तो कागद आम्ही लेखी हरकतीसोबत जोडपत्र म्हणून दिला. टेबलावरच्या कर्मचाऱ्याला तो घ्यायचा नव्हता. अर्ज द्या, चित्र कशाला, असं त्याचं म्हणणं. सरपंचबाई हटल्या नाहीत. शेवटी शिक्का पडला, आवक क्रमांक मिळाला. इतिवृत्तात एक ओळ आली, की ग्रामस्थांनी हस्तलिखित नकाशा सादर केला. आणि त्या ओळीमुळे पुढे पाहणीला आलेल्या पथकाला नकाशातल्या विहिरी एकेक करून पाहाव्या लागल्या, कारण नकाशावर मालकिणींची नावं होती आणि त्या मालकिणी दारात उभ्या होत्या. विस्ताराला मंजुरी मिळालीच. काही घरांना दुरुस्तीची रक्कम मिळाली, पाण्याची सोय करण्याची अट पडली. थोडंच झालं, पण नकाशा नसता तर तेवढंही झालं नसतं, याची मला खात्री आहे.

म्हणून माझी मागणी शासनाकडे अगदी साधी आहे. जनसुनावणीत लोकांनी दिलेलं चित्र, नकाशा, गाणं, छायाचित्र हे लेखी हरकतीइतकंच ग्राह्य धरलं जाईल, असं परिपत्रक काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं नोंदवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. गाणं असेल तर ते चित्रणात पूर्ण नोंदलं जावं आणि त्याचा आशय इतिवृत्तात उतरवला जावा. शिक्षण विभागाने शाळांतल्या पर्यावरणाच्या चित्रस्पर्धांसाठी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांचं प्रायोजकत्व बंद करावं. आणि चंद्रपुरात एक कायमचं दालन उभारावं, ज्यात प्रभाकर पाचपुते यांच्यासारख्यांची कामं इथल्या खाणकामगारांना, त्यांच्या मुलांना तिकीट न काढता पाहता येतील. कोळशाच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा येतो, तो बाधितांसाठीच असतो, त्यातून हे दालन उभारावं.

चित्रकलेच्या शिक्षकांना मात्र परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या तालुक्यात सुनावणीची सूचना लागली की गावात जा. कागद जाड घ्या, पातळ कागद घडीवर फाटतो. वॉटरप्रूफ पेन वापरा, मांडवात पाणी सांडतं. नकाशावर उत्तर दिशा दाखवा, गावाचं नाव आणि तारीख घाला. विहिरीशेजारी मालकाचं नाव लिहा, मालकीण असेल तर तिचं. मागच्या बाजूला ज्यांनी काढलं त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, सही येत नसेल तर अंगठा. रंगीत झेरॉक्स काढून दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का घ्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतील तेव्हा गर्दी पांगू लागलेली असते, त्या वेळी उठू नका. आपलं चित्र त्यात नोंदलं आहे का, ते माइकवरून विचारा, आणि नसेल तर अध्यक्षांची सही होण्याआधी नोंदवून घ्या.